ओवाळणीतली दोन टीबी

"एकदा पूर्ण भरून पाह्य, मंग विश्वास ठेव," विहंगनं मला सांगितलं होतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, डबा घेऊन कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसला निघताना, चपला घालता घालता.

मी हसले. "ओवाळणी कोणी तपासून घेतं का? ताटात पडलं ते कपाळाला लावायचं."

"पाचशेची नोट असती तं मीही बोललो नसतो. ही डिस्क हाये, गार्गी."

"माझा भाऊ आहे तो," मी म्हणाले. नवरा डबा उचलून जिना उतरला. त्या दिवशी मला ते जिंकल्यासारखं वाटलं.

तशी मी चटकन विश्वास ठेवणारी नाही. चौदा महिन्यांच्या लेकीच्या औषधाच्या बाटलीवरची तारीख मी तीनदा वाचते. गॅसचं बटण पाहायला अर्ध्या जिन्यातून परत येते. संगणकशास्त्रात बी.एस्सी. केलंय, त्यामुळे यंत्रांवर तर अजिबात भरवसा नाही. पण ऋत्विक यंत्र नव्हता. माझ्याहून चार वर्षांनी लहान, शाळेत त्याची पाटी मी पुसून दिलेली.

दुपारी लेक दोन तास झोपते, तेवढ्यात मी खेळते. डोंगराच्या रस्त्यानं मालट्रक न्यायचा गेम आहे. खेळताना रेकॉर्डिंग चालू, वर माझी वऱ्हाडी बडबड. "अरे हॉर्न तं दे बे, तुह्या काकाचा रस्ता आहे काय!" असली. सासूबाईंना बरेच दिवस वाटायचं, सून खोलीत कोणाशी तरी भांडते. चॅनलवर चेहरा दाखवत नाही, तरी तीन-चार हजार लोक ऐकतात. लेक झाल्यापासून दिवसभरात माझं स्वतःचं असं तेवढंच.

अडचण जागेची होती. गेम आणि रेकॉर्डिंग एकाच डिस्कवर टाकलं की ट्रक उताराला झटके खायचा, आणि तासाभराचं चित्रण वीस जीबी गिळायचं. म्हणून गेमसाठी संगणकाच्या आत एक एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, आणि चित्रणासाठी बाहेरून लावायची वेगळी, मोठी, असं ठरवलं. आतली मी बिल घेऊन आणली. बाहेरच्या डिस्कबद्दल ऋत्विकनं स्वतःहून विचारलं. त्याचं इथं आमच्या खामगावातच कॉम्प्युटरचं दुकान आहे. मी त्याला तासभर व्याख्यान दिलं. भाऊबीजेला त्यानं ताटात चंदेरी, वजनदार, दोन टीबीची डिस्क ठेवली.

"आता व्हिडिओत दाखवजो बरं, ताई."

"दाखवीन रे," म्हटलं, आणि डोळे पुसले. लग्नानंतर मला काय हवं हे विचारून आणलेली ती पहिली ओवाळणी होती.

मी व्हिडिओ केला. एसएसडी कशी निवडायची, सगळं नीट सांगितलं. नुसता टीबीचा आकडा पाहू नका. स्वस्तातल्या डिस्क सुरुवातीला पळतात आणि थोड्या भरल्या की दमतात. बिल घ्या, वॉरंटी विचारा. नवीन डिस्क आणली की आधी पूर्ण भरून, परत वाचून बघा. हे सगळं बोलले आणि शेवटी माझी न तपासलेली डिस्क कॅमेऱ्यासमोर धरली. "एवढी कटकट नको असेल तर माझ्या भावाकडे जा. माझं नाव सांगा."

दोन दिवसांनी पुष्पांजलीचा फोन आला. वरवट बकाल गावची, वय बावीस-तेवीस, माझ्या प्रत्येक व्हिडिओखाली तिची टिप्पणी असायचीच. ती आणि तिचा मोठा भाऊ ज्ञानेश्वर मिळून गेम खेळायचे, रेकॉर्ड करायचे. दोन वर्षांपूर्वी तो काविळीनं गेला.

"ताई, जुनी हार्ड डिस्क कटकट आवाज करून राह्यली. त्यात आमच्या दादाचा आवाज हाये. मले शिव्या देते, हासते. नव्या डिस्कवर टाकलं तं जाणार नाही नं?"

"नाही जाणार," मी म्हणाले. "माझ्या भावाकडून घे."

संक्रांतीच्या आठवड्यात माझी स्वतःची एक फाइल उघडेना. मग दुसरी. नावं दिसत होती, आकार दिसत होता, आत काहीच नाही. कॉपी करताना ती डिस्क रेंगाळायची तेव्हा मी दोनदा केबल बदलली होती. आता मात्र तपासणीचा प्रोग्रॅम लावला. दीड दिवस चालला. दोन टीबीपैकी खरी जागा निघाली एकशे एकोणीस जीबी. पुढचं सगळं त्याच जागेवर, आधीचं पुसत, पुन्हा पुन्हा लिहिलं जात होतं. फाइलींच्या नावांची यादी तेवढी शाबूत. मी स्क्रू काढले. आत नखाएवढं मेमरी कार्ड, आणि वजनासाठी डिंकानं चिकटवलेली लोखंडी पट्टी.

ती पट्टी घेऊन, लेकीला कडेवर घेऊन मी दुकानात गेले. वाटेभर एकच घोकत होते, त्यालाही कोणीतरी फसवलं असेल.

"ये ताई. चहा सांगू?"

मी पट्टी काउंटरवर ठेवली. त्यानं पाहिली, आणि ती काय आहे हे विचारलं नाही. तिथंच मला कळलं.

"तुला माहीत होतं?"

"अवं, लोकं कुठं भरतात पूर्ण? फोटो टाकतात, गाणे टाकतात. शंभरातल्या नव्वदाले कळतच नाही."

"मला काऊन दिली मग?"

तो लेकीच्या गालाला हात लावायला आला. मी मागे सरकले.

"तू व्हिडिओत दाखवशीन म्हणून," तो म्हणाला. "तुह्यावर लोकायचा विश्वास हाये, ताई. आन् ओवाळणी तू तपासणार नाहीस, हे मले माहीत होतं."

त्याच्या स्वतःच्या संगणकाला दुसरीच डिस्क लावलेली होती. नावाजलेली, खरी, वॉरंटीचं लेबल तसंच. मी तिच्याकडे पाहतेय हे त्याला दिसलं.

"तुले अशी देतो ना एक. फक्त आता नवा व्हिडिओ नको टाकू. भाऊ आहो मी तुहा."

"वरवटची पुष्पांजली आली होती का?"

"आली होती ना, मांगच्या आठवड्यात. फायली उघडत नाही म्हणून रडून राह्यली होती. म्हटलं, व्हायरस असन. घरी जाऊन फॉरमॅट मार, सगळं पुसून टाक."

मी घरी येऊन जुना व्हिडिओ काढला आणि नवा टाकला, पट्टी हातात धरून, दुकानाच्या नावासकट. विहंग शेजारी बसून होता, "म्हटलं होतं नं" एवढंही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. डिस्क घेतलेल्या नऊ जणांनी मला कळवलं, दोघांनी शिव्या घातल्या, योग्यच घातल्या. पुष्पांजलीचं काही आलं नाही. फोन बंद. मंगळवारी लेकीला घेऊन मी वरवट बकालला गेले. घराला कुलूप होतं. शेजारच्या शालूबाई ओट्यावर तूर निवडत होत्या.

"थे तं गेली सुलतानपूरले, मामाकडे. लोणारजवळचं सुलतानपूर. कम्प्युटर बी गोणपाटात बांधून नेला. चार दिवस झाले, कोणाशी बोलेच ना पोरगी. तुम्ही कोण तिच्या?"

मी तिच्या मामाचं नाव विचारलं.

शालूबाईंना ते ठाऊक नव्हतं. माझा नवा व्हिडिओ पुष्पांजलीनं पाहिलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे. त्या डिस्कमध्ये एकशे एकोणीस जीबी खरी जागा आहे. तेवढ्यात जे शेवटी लिहिलं गेलं ते अजून असू शकतं. सगळा ज्ञानेश्वर नाही मिळणार. एखादी दुपार मिळेल, एखादं हसणं. तिनं माझ्या भावाचं ऐकून ती पुसली नसेल तरच.

तुमच्यापैकी कोणी सुलतानपूरचं असेल, तुमचं कोणी तिकडे राहत असेल, तर तिच्याकडे जाऊन या. गोणपाटात कम्प्युटर घेऊन आलेली पोरगी, लोकांना माहीत असेल. सांगा, त्या डिस्कला हात लावू नको, जुनी कटकट करणारी बंद पडली असली तरी तीही फेकू नको. माझं नाव काढल्यावर ती दार लावेल असं वाटलं, तर काढू नका. आणि डिस्कचं विचारायच्या आधी ती जेवते का, कोणाशी बोलते का, एवढं पाहा. मला कळवा.