डिसेंबर सत्तेचाळीसचा अंक

"साडी दे, पातेलं दे, पण अंक उंबऱ्याबाहेर देऊ नकोस गं," सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. द्यायचा तरी कोणाला, तर दोन खोल्या सोडून राहणाऱ्या चंपाला!

युद्धानंतर निघालेली बायकांची मासिकं मी जमवते. कॉलेजात होते तेव्हापासूनचा नाद. ठाकुरद्वारचा रद्दीवाला माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतो. एका मासिकाचे शेहेचाळीस ते पन्नासचे सगळे अंक माझ्याकडे आहेत. त्यातला सत्तेचाळीसच्या डिसेंबरचा तेवढा मिळता मिळत नव्हता, तो गेल्या दिवाळीत मिळाला. ट्रंकेत कडुनिंबाचा पाला घालून ठेवते, आणि श्रीरंग रांगायला लागल्यापासून ट्रंक पलंगावर. कागद दिसला की तो तोंडात घालतो.

चंपानं नेमका तोच अंक नेला आणि बाळंतपणाला नायगावला, माहेरी गेली. याआधी दोनदा तिचं मूल पोटातच गेलेलं. त्यामुळे तिची काळजी होतीच, आणि अंकाचीही. त्यात सासूबाई रोज विचारायच्या, "आला का गं अंक माहेरपण करून?"

शेवटी श्रीरंगला कडेवर घेतलं आणि बसनं नायगाव गाठलं. चाळीच्या भिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं ताज्या रंगात लिहिलेलं. लेकाचा हात भिंतीला लागू नये म्हणून मी जिन्याच्या मधोमध चढले.

चंपाच्या आईनं, रखमाबाईंनी, चहा टाकला. चंपाची तब्येत बरी दिसली, तसा माझा जीव खाली पडला आणि जीभ सैल सुटली. "चंपा, तो टोपड्याच्या विणीचा अंक झाला का गं?"

रखमाबाईंचा हात गाळणीवरच थांबला. जन्माआधी बाळासाठी नवीन काही करत नाहीत, एक टाकासुद्धा घालत नाहीत. हे का मला ठाऊक नव्हतं?

"टोपडं? कुणाचं टोपडं?" त्यांनी चंपाची उशी उचलली. खाली माझा अंक, आणि पिवळ्या लोकरीचं मोसंबीएवढं टोपडं.

"वहिनींच्या श्रीरंगचं!" चंपा घाईघाईनं म्हणाली.

"ह्याचं? अगं, ह्याच्या मुठीवर तरी बसंल का ते?"

चंपानं माझ्याकडे बघितलं. मी टोपडं उचललं आणि श्रीरंगच्या डोक्यावर ठेवलं. वाटी पालथी घातल्यासारखं दिसत होतं. "बसलं की!" मी म्हटलं.

रखमाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग लेकीच्या पोटाकडे. तोंडाला पदर लावून हसू लागल्या. "बसलं बाय, बसलं. ऱ्हाऊ दे जरा डोक्यावर." आमचा चहा होईपर्यंत तो तसाच मिरवत होता. मग त्यांनीच ते काढलं, झटकलं, घडी घातली. "आता उतरलेलं झालं. धडधाकट पोराच्या अंगावरचं जुनं चालतं आपल्यात."

चंपानं अंक पुढे केला. पुढच्या पानावर मोज्यांची वीण होती, तिथं तिनं केसांचा आकडा खोचलेला. मी अंक पुन्हा उशीखाली सारला. "मोजेसुद्धा श्रीरंगचेच विण हं. घालायला घेऊन येते त्याला."

घरी आल्याबरोबर सासूबाई म्हणाल्या, "आणलास?"

"नाही."

"मी सांगितलं नव्हतं?" एवढं म्हणून त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली, आणि श्रीरंगची दोन विटकी दुपटी माझ्यापुढे सरकवली. "पुढच्या खेपेला ही ने. जुनीच आहेत."

पण उद्या हरताळ. बस नाही, आणि लेकराला घेऊन बाहेर पडायचं नाही असं यांनी बजावलंय. चंपाचे दिवस भरत आलेत. ट्रंकेत त्या अंकाची जागा रिकामी आहे. तिकडे नजर गेली की हसू येतं, आणि लगेच बोटांवर चंपाचे दिवस मोजू लागते. तुमच्यापैकी कोणी नायगावात राहत असेल, तर रखमाबाईंकडे जरा डोकावून या ना. चंपा कशी आहे ते बघा. अंकाचं मात्र काढू नका. श्रीरंगचे मोजे झाले का, एवढंच विचारा.