हळदीच्या वाफ्यावरची शपथ

“सोमवारी मोजणी हाय आक्का. सायेब सकाळीच येणार,” कर्दळीच्या पलीकडून शेजारचा आकाराम पाटील म्हणाला, आणि शांतादेवींच्या हातावरची भाकरी मधोमध फाटली.

अर्ध्या गल्लीला आणि दोन-तीन दुकानांना कडक भाकरी पुरवणारी ही बाई. तिच्या हातची फाटलेली भाकरी आजवर कुणी पाहिली नव्हती. शांतादेवींनी पिठाचा गोळा परातीत टाकला आणि तशाच पिठाच्या हातांनी त्या घरामागच्या परड्यात आल्या.

“कसली मोजणी?”

“अवो, म्या अर्ज दिल्ता न्हवं का, अप्पा असताना? त्येचा नंबर आत्ता लागला.”

“नको मोजणी. जागा घ्या तुम्ही. उद्याच तारेचं कुंपण मारून घ्या.”

आकाराम बघतच राहिला. बिद्रीच्या साखर कारखान्यात फिटर म्हणून जन्म घालवलेला, मुरगूडकडचा माणूस. आवाज असा, की हळू बोलला तरी पुढच्या चौकात ऐकू जावं. “ज्या वाफ्यापायी अप्पा अन् म्या जलमभर भांडलो, त्यो तुम्ही असा भाकरीगत हातावर ठेवतासा व्हय?”

दोन घरांच्या परड्यांमध्ये भिंत कधीच नव्हती. कर्दळीची एक रांग, आणि तिच्या अलीकडे हळदीचा लांबट वाफा, बैलगाडीच्या चाकोरीएवढ्या रुंदीचा. आकाराम म्हणायचा वाफा माझ्या हद्दीत येतो, शांतादेवींचे नवरे बसलिंगाप्पा म्हणायचे माझ्या. सकाळी भांडण, संध्याकाळी एकमेकांच्या घरची चटणी. कोल्हापुरात भांडणाचा आणि आग्रहाचा आवाज सारखाच असतो, त्यामुळे नवख्या माणसाला यांचं काय चाललंय ते कळायचं नाही. ते असंच चालू राहिलं असतं, तर कुणाचंच बिघडलं नसतं.

पण गेल्या श्रावणात एका सकाळी भांडण भलतंच चढलं. दोन्ही घरांसमोर माणसं जमली. तोंडाला येईल ते बोलता बोलता आकाराम बोलून गेला, “एवढा खरा हाईस तर घे लिंग हातात आणि सांग!”

अख्खी गल्ली गप्प झाली. लिंगायताला हे म्हणायचं नसतं. ते आकारामला ठाऊक होतं, आणि जमलेल्या सगळ्यांनाही.

बसलिंगाप्पांनी गळ्यातला चांदीचा करंडा उघडला. इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं. आणि ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, “हा वाफा माझा हाय.”

श्रावण संपायच्या आत ते गेले. दुपारी त्या वाफ्यातच तण भांगलायला बसले होते, तिथेच कलंडले. डॉक्टरांनी सांगितलं हृदय. गल्लीनं सांगितलं शपथ. “लिंग हातात घिऊन खोटं बोलल्यावर दुसरं काय हुणार?” असं समोरची शालूबाई नळावर म्हणाली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही तिची जुनी रीत. पण या वेळी ती एकटी नव्हती.

रीतीप्रमाणे बसलिंगाप्पांना रुद्रभूमीत बसवून पुरलं. मांडी घातलेली, कपाळाला विभूती, आणि डाव्या हातात तेच लिंग. शांतादेवींनी ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून त्यांच्या मनातून ते जाईना. माणसाला जाळलं की राख होते, नदीला देता येते. हे तर तिथे बसलेले आहेत, आणि जे हातात घेऊन बोलले तेच हातात धरून बसलेले आहेत. खोटं बोलले असतील तर किती काळ असं बसायचं?

दुपारी भाकऱ्या कडक करायला ठेवून त्या मागच्या पायरीवर टेकत, तेव्हा ते वाफ्यात दिसत. पाठमोरे, उकिडवे, डावा हात उताणा. वारा नसताना हळदीची पानं हलत. आता वळतील, आता काहीतरी सांगतील, असं वाटे. ते वळत नसत. शांतादेवी त्या वाफ्यात पाय ठेवत नव्हत्या. पाणीसुद्धा लांबून पाइपने सोडत. एकदा ओल्या मातीत पावलासारखं काहीतरी उमटलेलं दिसलं. कुत्र्याने उकरलं असेल, असं स्वतःला समजावत त्यांनी ते काठीने लांबूनच मोडलं.

ते थांबले का होते? हा एकच प्रश्न. माणूस खरं बोलताना थांबतो का?

सौंदर्या, लेक, फोनवर म्हणाली, “अव्वा, मोजू दे की गं. आपलीच निघंल जागा, लोकांची तोंडं बंद हुतील.”

“आणि न्हाय निघाली तर?”

लेकीनं विषय बदलला. तिलाही भीती होतीच म्हणायची.

सोमवारच्या आदल्या दिवशी शांतादेवी स्वतः आकारामच्या दारात गेल्या. त्याने लगबगीने खुर्ची पुसली. त्या बसल्या नाहीत.

“दादा, हात जोडतो. मोजणी रद्द करा. त्यांची शपथ हाय तशी राहू दे. खरी का खोटी, कुणाला कळायला नको.”

“म्या काय करू आक्का?” आकाराम म्हणाला, आणि एवढ्या थोराड माणसाचे डोळे भरून आले. “जागा अप्पाची निघाली, तर खऱ्या माणसाला म्या चारचौघांत शपथ घ्यायला लावली. माझी निघाली, तर म्या त्येला खोटं बोलाय लावलं. दोन्हीकडनं म्याच मारलं त्येला. रोज रातीला ह्येच. एकदा कळू दे मला, कसा मारला ते.”

हाही झोपत नाही, हे शांतादेवींना तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या परत आल्या.

सोमवारी मोजणीवाले साहेब तीन पायांचं यंत्र घेऊन आले. बोलावलं नव्हतं तरी गल्ली आलीच. शालूबाई तर निवडायची मेथी घेऊनच आली. शांतादेवी स्वयंपाकघराचं दार लावून आत बसल्या. खिडकीच्या फटीतून फक्त पाय दिसत होते, इकडून तिकडे जाणारे. कुणीतरी आकडे ओरडून सांगत होतं. मग ठोकण्याचा आवाज आला. एक खुंटी. मग दुसरी. मग सगळे गप्प.

साहेब काहीतरी बोलू लागले, तोच आकारामचा आवाज गरजला. “बास सायेब! कळालं. अप्पाचीच हाय जागा. ऐकलासा काय समद्यांनी? अप्पा बरोबर हुता. वाफा अप्पाचा!”

“अहो पाटील, पण खुंट्या तर...”

“तुमच्या कागदावर काय लिवायचं ते लिवा. हितं बोलू नका.”

आत शांतादेवींनी भिंतीला हात टेकला. त्यांना हवं ते झालं होतं. माणूस खरा ठरला होता, गल्लीसमोर, शालूबाईसमोर. आता फक्त दार बंद ठेवायचं होतं.

पण आकारामचा आवाज फाटला होता. तो ओरडण्याचा आवाज नव्हता. बसलिंगाप्पा थांबले होते ना, तेव्हा जसं सगळं थांबलं होतं, तसंच त्या आवाजाच्या आधी थांबलं होतं. शांतादेवींना ते ओळखू आलं. त्यांनी दार उघडलं.

खुंट्या वाफ्याच्या अलीकडे होत्या. सगळी हळद पलीकडे, आकारामच्या हद्दीत गेली होती. दुपारी ते पाठमोरे दिसायचे ती जागासुद्धा पलीकडे गेली होती.

“दादा,” त्या म्हणाल्या, “खोटं कशाला बोलालाय?”

“आक्का, तुम्ही आत जावा.”

“न्हाय जात. समद्यांनी ऐका. वाफा ह्यांचा हाय. आमच्या मालकांचं चुकलं हुतं.” त्या थांबल्या नाहीत. “चुकून बोलले का जाणून बोलले, मला ठावं न्हाय. ते आता कुणालाच कळणार न्हाय. पण त्यांच्यापायी तुम्ही आणि खोटं बोलू नका. तिथं रुद्रभूमीत एक बसलाय, तेवढं पुरं. दुसरा नको बसायला.”

शालूबाईच्या हातातली मेथी तशीच राहिली, आणि ती पहिली उठून निघून गेली. तिच्यामागून बाकीचे.

मग शांतादेवींनी साडी खोचली, कुदळ घेतली आणि त्या वाफ्यात उतरल्या. पान वाळलं होतं, हळद काढणीला आलीच होती. आकाराम मध्ये पडू लागला, “राहू द्या की, ती लावलीया अप्पानं.” त्यांनी ऐकलं नाही. एकेक गड्डा उपटून, माती झाडून, टोपलीत टाकत गेल्या. प्रत्येक घावाला वाटे की आता हाताला काहीतरी लागेल, कुणीतरी मनगट धरेल. लागली ती हळदच. भरलेली टोपली त्यांनी कर्दळीपलीकडे ठेवली. आकारामने ती अर्धी रिकामी करून परत सरकवली. पुन्हा भांडण होईल असं वाटलं, पण दोघांच्याही अंगात तेवढं बळ उरलं नव्हतं.

“रुद्रभूमीत सोडता काय मला गाडीवरनं?” शांतादेवींनी विचारलं.

ऊन उतरायला लागलं होतं. आकाराम फाटकाजवळच गाडी लावून उभा राहिला. आत यायची त्याची छाती होईना. शांतादेवी एकट्याच चालत गेल्या. अजून समाधी बांधलेली नव्हती, मातीचा उंचवटा पावसाने खचला होता. त्या समोर मांडी घालून बसल्या, घरी चहाला बसत तशा.

“वाफा परत दिला,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “ज्याचा हुता त्याला दिला. चारचौघांत सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं. आता तुमच्याकडं कुणाचं काय न्हाय. आता नीट बसा.”

पलीकडच्या लिंबावर कावळे ओरडत होते. उत्तर कुठून येणार? त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते आवरलं नाही.

बऱ्याच वेळाने मागे पायांचा आवाज आला. चपला फाटकाशीच काढून आकाराम आत आला होता. टोपी हातात धरून तो थोडा लांबच उभा राहिला.

“आक्का,” तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज हळू निघाला, “म्या बसू काय हितं?”

शांतादेवींनी पदराने तोंड पुसलं आणि थोडं सरकून जागा केली.