एक सूर वर

क्लॅरिनेट हे वाद्य मुळातच खोटारडं. कागदावर एक सूर लिहावा, तर ते त्याच्या एक सूर खालचा काढतं. म्हणून त्याच्यासाठी लिहिताना सगळं एक सूर वर चढवून लिहायचं, एवढी साधी गोष्ट. विद्यापीठात संगीतरचना शिकणारी मुलं जाडजूड ग्रंथ कोळून पितात आणि शेवटच्या परीक्षेत नेमकं हेच विसरतात.

त्यांतलीच एक, घरातली धाकटी, गेल्या वर्षी विसरली. क्लॅरिनेट आणि पियानोसाठी केलेली तिची रचना अशी वाजली, की दोघांचं जणू जमिनीच्या तुकड्यावरून कोर्टात चाललंय. धाकटी नापास. मामानं सांत्वन केलं, "रडू नकोस गं. अजून एकदा बस. नाहीच जमलं तर माझं टायरचं दुकान आहेच. शेवटी तिथंही हवाच भरायची असते."

आता ही दुसरी खेप, आणि नियमानुसार शेवटची. धाकटीनं या वेळी क्लॅरिनेटचा झाडून सगळा कागद एक सूर वर चढवला. मग तपासला. मग आईला ओळीवर बोट ठेवायला बसवून पुन्हा तपासला. आई जुने कपडे उसवून मापाचे करून देणारी. "मला यातलं ओ की ठो कळत नाही," ती चष्मा पुसत म्हणाली, "पण माप दोनदा घेतलंस ते बरं केलंस."

परीक्षेत सराव नसायचा. वाजवणाऱ्यांपुढं कागद ठेवायचा, त्यांनी बघून वाजवायचं. क्लॅरिनेटला सर्कशीच्या बँडमधले एक काका येत. कधीपासून येत, ते विभागात कुणालाच आठवत नव्हतं. गेल्या वर्षी तेवढं त्यांना गालगुंड झालं. बदली आलेला भाचा लिहिलंय तेच वाजवून गेला.

यंदा काकांनी धाकटीला दारातच गाठलं. "तूच ना ती गेल्या सालची? माझं गालगुंड तुला भोवलं, पोरी. आता मी आलोय. अजिबात काळजी करायची नाही."

गालगुंडाचा आणि आपल्या नापास होण्याचा काय संबंध, हे काही धाकटीच्या डोक्यात शिरलं नाही. ती आपली "बरं, काका" म्हणून खुर्चीत बसली. समोर परीक्षक दोन. एक थोरले सर, जे कधी हसल्याची विभागात नोंद नव्हती. दुसरे धाकटे सर, नुकतेच नोकरीला लागलेले, त्याआधी इथंच शिकलेले. मागच्या रांगेत आई.

पियानोवाल्या बाईंनी सुरुवात केली. काकांनी फुंकर घातली.

गेल्या वर्षी क्लॅरिनेट एक सूर खाली होतं, यंदा एक सूर वर! धाकटीनं मांडीवरची प्रत तपासली. प्रत बरोबर होती. तिनं वर पाहिलं. काकांनी तिला डोळा मारला.

तेव्हा कुठं तिच्या डोक्यात प्रकाश पडला. पोरं सूर चढवायला विसरलेलीच असणार, असं धरून हा भला माणूस वाजवता वाजवता आपणच चढवत आलाय. वर्षानुवर्षं, गुपचूप, पोरं पास व्हावीत म्हणून. यंदा सूर आधीच चढलेला होता, आणि काकांनी माडीवर माडी बांधली होती.

गप्प बसावं तर टायर. बोलावं तर काकांचं पितळ उघडं. पियानोवाल्या बाई दाढ दुखत असल्यासारख्या वाजवत होत्या.

धाकटी उभी राहिली. "थांबा! काका, कागदावर आहे तसंच वाजवा ना. मी चढवून आणलंय."

काकांच्या ओठांतून क्लॅरिनेट निसटलं. "चढवून आणलंयस?" त्यांचा विश्वास बसेना. "स्वतः?"

"आहे तसंच म्हणजे?" थोरले सर म्हणाले. "एरवी तुम्ही कसं वाजवता?"

मग धाकट्या सरांना एकाएकी खोकल्याची उबळ आली. त्यांचे कान लाल झाले होते. "चष्मा, सर," ते घाईघाईनं म्हणाले. "काकांचा चष्मा घरी राहिलाय. ओळी वरखाली दिसतात त्यांना."

"चष्मा?" काका म्हणाले. त्यांना उभ्या जन्मात चष्मा लागला नव्हता. "हां हां. राहिलाय खरा."

"अहो, मग माझा घ्या की!" आई तरातरा पुढं आली आणि काकांच्या नाकावर चष्मा चढवून मोकळी झाली. "यातनं सुईत दोरा जातो माझा. तुमच्या पिपाणीचं काय घेऊन बसलात!"

चष्म्यातून काकांना खोलीत फक्त धुकं दिसलं. त्यांनी तो हळूच नाकाच्या शेंड्यावर ओढला, वरून कागद पाहिला आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतलं. जसंच्या तसं.

क्लॅरिनेट आणि पियानोची कोर्टाबाहेर तडजोड झाली. इतके दिवस डोक्यात वाजत आलेलं धाकटीनं पहिल्यांदाच कानांनी ऐकलं. मध्ये एक जागा चक्क कंटाळवाणी होती, तीही तिला कळली, आणि तरी तिचे डोळे भरून आले. आईला चष्म्याविना काही दिसत नव्हतं, त्यामुळे ती नाइलाजानं नुसती ऐकत होती, आणि बोटानं मांडीवर ठेका धरत होती.

"मधला भाग लांबलाय," थोरले सर म्हणाले. "बाकी पास."

धाकटीनं आधी काकांचे पाय धरले, मग आईला मिठी मारली. काका चष्मा परत करू लागले, तसे थोरले सर कागद आवरता आवरता त्यांच्याजवळ थांबले.

"शोभतो हो तुम्हाला चष्मा," ते हळूच म्हणाले. "पण मी इथं परीक्षेला बसलो तेव्हा घातला नव्हतात, हे फार बरं झालं."

आणि विभागात हसल्याची पहिली नोंद झाली.