हरलेल्याने लिहायचे पान

नारबिलाच्या शाळेत क्रीडादिनाचे वृत्त विजेत्याने लिहायचे नाही, पराभूताने लिहायचे, असा नियम होता. शाळेचे वार्षिक अंक जितके जुने तितकाच तो जुना. ज्या हाऊसचा, म्हणजे शाळेतल्या ज्या गटाचा, पराभव झाला त्याच्या कप्तानाने विजयी हाऊसचे गुणवर्णन करावे, हातचे काही राखून न ठेवता करावे, आणि खाली आपले नाव घालावे. हाऊसे दोनच होती, लाल आणि निळे. मूल कोणत्या हाऊसचे हे त्याच्या जन्माबरोबरच ठरे. आईबाप ज्या रंगात धावले त्याच रंगात तेही धावे. मी परमुलखातून येथे गणित शिकवायला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला निळ्यात घातले गेले, आणि पुढच्या साऱ्या आयुष्यात मी निळाच राहिलो.

निळ्यांची शेते पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात. पाऊस प्रथम तिकडचा आटला आणि कुटुंबे प्रथम तिकडचीच उठून शहराकडे गेली. उरलेल्या मूठभर मुलांनी लाल हाऊसला हरवावे ही अपेक्षाच कोणी ठेवली नव्हती. त्यामुळे ते पान वर्षानुवर्षे निळ्या कप्तानाच्याच वाट्याला येई. अलीकडे ते मेरिन ट्रेगेन्झा लिहीत असे. ती निळ्यांची कप्तान आणि अंकाची संपादकही. तिने केलेली लाल हाऊसची स्तुती इतकी मनापासूनची असे की कॉर्बिन हासेच्या आईने ते पान कापून स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर चिकटवले होते. कॉर्बिन हा लाल हाऊसचा कप्तान.

वर्षअखेरीस शाळा बंद होणार आणि मुले बसने लांबच्या गावी जाणार, हे त्या वर्षाच्या आरंभी, उन्हाळ्यातच, जाहीर झाले. म्हणजे क्रीडादिन शेवटचा आणि अंकही शेवटचा. एका दुपारी माझ्या वर्गात छायाचित्रे कापत असताना मेरिन म्हणाली,

“सर, मला कप नकोय. शाळा बंद झाली की तो कुठल्यातरी कपाटात जाऊन पडेल. मला ते पान हवंय. एकदा तरी त्यांनी आमच्याबद्दल लिहावं.”

“कॉर्बिन लिहील?” मी विचारले.

“चुका मी काढीन त्याच्या. पहिल्या ओळीपासून काढाव्या लागतील. पण शब्द त्याचे हवेत.”

या इच्छेचे मूळ मला ठाऊक होते. आदल्या वर्षी पेरणी उरकताच तिच्या वडिलांना, डेन्झिल यांना, अर्धांगवायूचा झटका आला. पुढे कापणीच्या दिवसांत एका सकाळी शेजाऱ्यांची यंत्रे न सांगता न विचारता त्यांच्या शेतात उतरली. मावळतीपर्यंत सारा गहू कोठारात पोहोचला आणि चहालाही कोणी थांबले नाही. या प्रदेशात साहाय्य असेच करतात. करणाऱ्याने त्याचा उच्चार करायचा नाही आणि ज्याला मिळाले त्यानेही करायचा नाही. सर्वांत पुढच्या यंत्रावर कॉर्बिनचे वडील होते. मेरिन दिवसभर खिडकीत उभी राहून पाहत होती.

“माणसं चांगलीच आहेत, सर,” ती एकदा मला म्हणाली होती. “पण तेव्हापासून दुकानात कोणी मला रांगेत उभं राहू देत नाही. ‘हो पुढे, पोरी’ म्हणतात. मला रांगेत उभं राहायचंय हो.”

क्रीडादिनाची अखेरची स्पर्धा म्हणजे सायलोची दौड. मैदानातून निघायचे, आगगाडीच्या रुळांच्या कडेने गव्हाच्या उंच कोठारांपर्यंत जायचे, त्यांना वळसा घालून परत यायचे. मुलेच इतकी थोडी की मुलगे आणि मुली एकत्रच धावत. दरवर्षी कॉर्बिन पहिला आणि मेरिन दुसरी. मागच्या खेपेला ती त्याच्या खांद्याशी येऊन पोहोचली होती. तो सारा हिवाळा ती शाळेपूर्वी शेतातल्या मातीच्या वाटेवर धावत राहिली.

सप्टेंबरातल्या त्या दिवशी वारा कोरडा होता. पालकांच्या गाड्या कुंपणाला लागून उभ्या होत्या आणि तव्यावर कांदा व सॉसेज परतले जात होते. यंदा लालांचीही काही घरे उठून गेल्यामुळे दोन्ही हाऊसांचे गुण अखेरीस बरोबरीत आले. दौडीत मेरिन कॉर्बिनच्या पुढे आली तर निळे जिंकणार, हे मैदानावरच्या लहान पोरांनाही समजत होते.

“काय गं, आज तरी माझी पाठ सोडणार का?” रेषेवर उभे राहता राहता कॉर्बिन म्हणाला.

“पुढे जायचं म्हणजे सोडावीच लागेल.”

“वारा समोरून आहे. माझ्या आडोशाला राहा.”

“अंगाला कांद्याचा वास मारतोय तुझ्या. लांबच बरी मी.”

मुले निघाली. कोठारांच्या मागे गेलेली माणसे मैदानावरून दिसत नाहीत. ती पुन्हा दिसू लागली तेव्हा मेरिन पुढे होती, आणि अखेरपर्यंत पुढेच राहिली. फीत तिच्या छातीशी तुटली. कुंपणापाशी लालांचे आईबाप सर्वांआधी उभे राहिले आणि सर्वांहून मोठ्याने टाळ्या त्यांनीच वाजवल्या. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या डेन्झिल यांनी आपला चांगला हात वर केला आणि बराच वेळ तो खाली आणला नाही. मेरिन गवतावर पालथी पडून हसत होती. कॉर्बिन मात्र अखेरची रेषा ओलांडून तसाच पाण्याच्या पिंपाकडे चालत गेला आणि लहान मुलांना पेले भरून देऊ लागला. त्याला धाप लागलेली नव्हती. ते मी पाहिले आणि पाहिले नाही असे मनाला समजावले.

पुढच्या आठवड्यात कॉर्बिन आपले पान घेऊन वर्गात आला. मेरिनने ते उभ्यानेच वाचले. वाचता वाचता तिच्या चेहऱ्यावरचे हसू एका ओळीपाशी थांबले.

“कोठारांमागे मी तुला गाठलं, असं लिहिलंयस.”

“हं.”

“मी तुला गाठलं नव्हतं. तू बुटाची नाडी बांधायला वाकला होतास.”

“तेच ते.”

“सुटली होती का नाडी?”

कॉर्बिन खिडकीबाहेर पाहू लागला. खोटे बोलण्याची त्या मुलाला सवय नव्हती.

“आम्ही ठरवलं होतं,” तो शेवटी म्हणाला. “शेवटचं वर्ष म्हणून. लाल सगळ्यांनी मिळून.”

“सगळ्यांनी म्हणजे? घरच्यांनी पण?”

“बाबांनीच आधी विषय काढला. म्हणाले, पोरीला एवढं तरी मिळू दे.”

मेरिनने पान हळूच बाकावर ठेवले. “म्हणजे टाळ्या वाजवत होते त्या सगळ्यांना माहीत होतं.”

“तुझ्या बाबांना नव्हतं माहीत,” तो घाईने म्हणाला. “त्यांना नाही सांगितलं कोणी. वाईट हेतू नव्हता गं.”

“ठाऊक आहे मला. वाईट असता तर भांडले असते.”

“आणि तू तशीही जिंकली असतीस कदाचित. मला जड जात होतं यंदा, खरंच.”

“कदाचित,” ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, “उद्या शाळेआधी पुन्हा धावू. दोघंच.”

“बरं.”

दुसऱ्या दिवशी तिच्या सांगण्यावरून मी मैदानाच्या कडेला उभा राहिलो. वारा पडला होता. दोघे निघाले आणि या वेळी कॉर्बिनने प्रारंभापासून जोर लावलेला दिसत होता. तरी मेरिन एक पाऊल पुढेच होती. कोठारांमागे दोघेही दिसेनासे झाले. मी वाट पाहत राहिलो. दोघे बाहेर आले तेव्हा चालत येत होते, ती रुळांच्या एका बाजूने आणि तो दुसऱ्या बाजूने.

“सर, मी खरंच पळत होतो,” कॉर्बिन जवळ येताच म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. “तीच थांबली मधे. तिला सांगा ना तुम्ही.”

त्याने जीव तोडून धाव घेतली असेल तरी त्याला साक्षी कोण?

“त्याची पावलं मागून ऐकू येत होती,” मेरिन माझ्याकडे न पाहता म्हणाली. “खरी आहेत की मुद्दाम हळू टाकलेली, तेवढंच ऐकत होते मी. मग पाय उचलेनात. आता तो पुढे गेला काय आणि मागे राहिला काय, मला कसं कळणार?”

“मी खरं लिहून देऊ का अंकात?” कॉर्बिनने विचारले.

“नको. तुझ्या बाबांचं नाव येईल त्यात. त्यांनी आमचा गहू कापलाय.”

तो गेल्यावर, ते पान मी लिहून देतो, असे मी म्हणालो. आपण काहीतरी करावे या धडपडीतून निघालेले ते शब्द होते.

“तुम्ही निळे, सर,” ती म्हणाली. त्यात रोष नव्हता.

अंक छपाईला गेला. काही दिवसांनी छापखान्यातून दूरध्वनी आला. “सर, क्रीडादिनाच्या फोटोंनंतर एक पान रिकामंच आलंय. राहिलं का काही पाठवायचं? नसेल तर पंपवाल्यांची जाहिरात आहे माझ्याकडे, मोठी करून बसवतो.”

मी मेरिनला विचारले. ती निरोपसमारंभाच्या आमंत्रणपत्रिका घडी घालून पाकिटांत भरत होती.

“बसवू दे,” ती म्हणाली. “पान कोरं दिसलं तर इथे कोणी विचारणार नाही. नुसते बघतील माझ्याकडे.”

डिसेंबरात निरोपाच्या संध्याकाळी शाळेच्या सभागृहात अंक वाटले गेले. मी ट्रेगेन्झांच्या शेजारीच बसलो होतो. डेन्झिल यांनी आपला अंक मांडीवर घेतला आणि एका हाताने पाने उलटू लागले. मुलीच्या फीत तोडतानाच्या छायाचित्रापाशी ते बराच वेळ थांबले. मग पुढचे पान उलटले, पंपाची जाहिरात पाहिली, पुन्हा मागे आले, पुन्हा पुढे गेले. लाल हाऊसची माणसे समोरच्याच रांगेत बसली होती.

“कुठंय?” त्यांनी अडखळत विचारले. झटक्यापासून त्यांना एकेक शब्द लोटून बाहेर काढावा लागे. “आपलं... पान?”

मेरिनने अंक त्यांच्या हातातून घेऊन मिटला.

“यंदा जागा नव्हती, बाबा,” ती म्हणाली.