बरोबरीचे पिस्तूल

सोमवार, दिनांक २ नोव्हेंबर १८५७. सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे. मिसिसिपीतील आमच्या जिल्हा न्यायालयाच्या ओसरीवर एकोणीस माणसे होती. त्यांत मी एक. घोडे धरून उभा असलेला आयझॅक हा गुलाम या संख्येत नाही, कारण त्याची साक्ष कोणी घेत नसे.

वकील लुशियस हॅव्हर्ड नुकतेच राज्याच्या सिनेटवर निवडून आले होते. आपण द्वंद्व खेळलो नाही, अशी शपथ जानेवारीत घेतल्याखेरीज ती जागा मिळणार नव्हती. त्याच आठवड्यात संपादक ॲब्नर प्रूइट याने छापले, की हॅव्हर्डांनी एका विधवेचा खटला प्रतिपक्षाला विकला.

"द्वंद्वाचं आव्हान पाठवा," हॅव्हर्डांचे मित्र कर्नल टॉलिव्हर म्हणाले.

"म्हणजे जागा गेली," हॅव्हर्ड म्हणाले. "शिवाय कर्नल, आव्हान बरोबरीच्याला द्यायचं असतं. छापखान्यातल्या पोराला काठी पुरे."

प्रूइट पायऱ्या चढून येताच हॅव्हर्डांच्या काठीच्या पहिल्या तडाख्याने त्याचा कान फाटला, दुसऱ्याने दात पडले. त्याने हात उचलला नाही. अखेर त्याच्या खांद्यावर काठीच मोडली.

तो रक्त थुंकला. "काठी मोडली, वकीलसाहेब. आता तिची भरपाईही विधवेकडूनच घेणार का?"

ओसरी हसली. हॅव्हर्डांनी पिस्तूल काढले.

"त्याचे हात रिकामे आहेत, लुशियस," कर्नल हळूच म्हणाले. "असं मारलंत तर उद्या तुमच्याशी कुणी हात मिळवणार नाही."

हॅव्हर्डांनी कमरेचे दुसरे पिस्तूल काढून प्रूइटच्या हाती दिले. "घे. दहा पावलं मागं हो."

"म्हणजे झालो मी तुमच्या बरोबरीचा," प्रूइट म्हणाला आणि मागे सरला.

दोन्ही बार एकदमच उडाले. हॅव्हर्डांच्या कोपराचा चुरा झाला. प्रूइटच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. पायरीवर टाचा घासत तो बराच वेळ मरत होता.

डिसेंबरात खुनाचा खटला उभा राहिला. शस्त्रे बरोबरीची होती, अंतर दोघांना सारखेच होते, असे आम्ही शपथेवर सांगितले. ज्यूरीने जागेवरून न उठता हॅव्हर्डांना निर्दोष सोडले.

जानेवारीत सिनेटपुढे आमच्या त्याच साक्षी वाचण्यात आल्या.

"बरोबरीची शस्त्रं, सारखं अंतर," एका सभासदाने विचारले, "आमच्या गावी याला द्वंद्व म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात, वकीलसाहेब?"

लुळा हात हॅव्हर्डांनी कोटाच्या आत सरकवला.

त्यांना जागा देण्याच्या बाजूने मते सात, विरुद्ध तेवीस.