हळदीच्या दिवशी आलेली आघाडी

रावसाहेबांनी परभणीकडच्या एका शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर ते सुंदराबाईंसोबत मुलाकडे करंजाड्याला आले आणि हळूहळू गप्पच झाले. इथं त्यांना भूगोल विचारणारं कुणी नव्हतं.

मे महिन्यात शेजारच्या अक्षताची हळद सोसायटीच्या गच्चीवर मांडव घालून होती. दुपार कलली तरी अंगाची लाही होत होती. खाडीकडून येणारा दमट वारा अचानक पडला. रावसाहेब कठड्याशी उभे राहून डोंगराकडे बघत होते. तिकडे काळाकुट्ट ढग उंच चढला होता.

"सुंदरा, बघ. आघाडी येतेय."

हा शब्द सुंदराबाईंनी कितीतरी वर्षांनी ऐकला. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात रावसाहेबांनी दुकानातून गोळ्यांची चौकोनी काचेची बरणी मागून आणली होती. मधोमध पत्रा धरून एकीकडे नीळ घातलेलं गार पाणी, दुसरीकडे कुंकू कालवलेलं गरम. गरम पाणी सुंदराबाईंनीच चुलीवरून शाळेत नेलं होतं. पत्रा उचलला तसं निळं पाणी तळातून सरपटत लाल पाण्याखाली घुसलं आणि लाल वर ढकललं गेलं. "हवेचंही असंच. गार हवेची ही पुढची कड म्हणजे आघाडी," रावसाहेब मुलांना सांगत होते. नवी नवरी दारात उभी राहून ऐकत राहिली. किती उजळला होता त्यांचा चेहरा!

"ढग लांब हाय की, काका," अक्षताचे वडील दिलीप म्हणाले. "हळद लागू द्या, मग आवरू."

"ढग लांबच राहू दे. पावसानं गार झालेली हवा त्याच्यातून खाली कोसळतेय. ती जमिनीवरून पसरत आधी येणार. मांडव उडेल, दिलीपराव."

कुणी हललं नाही. तेव्हा सुंदराबाईंनी हळदीचं ताट उचललं आणि जिन्याकडे निघाल्या. "नवरी कुठंय? चल गं, खाली लावू." हळदच चालली म्हटल्यावर बायका मागोमाग निघाल्या, मग पुरुष.

शेवटची माणसं जिन्यात शिरतात तोच धुळीची भिंत आदळली. मांडवाचं कापड टरकन फाटलं, लोखंडी पाइप गच्चीभर आपटले. लाइट गेले.

मोबाइलच्या उजेडात दिलीप म्हणाले, "काका, तुमाला कळलं कसं?"

रावसाहेब पायरीवर बसले. "गार हवा जड. ती गरम, दमट हवेखाली घुसते, तिला वर उचलते. त्या उचललेल्या हवेतून नवा ढग उभा राहतो. वादळ असं पुढे पुढे सरकतं."

"मग थांबतं कधी?" अक्षतानं विचारलं.

"गार हवा फार पुढं पळाली की ढगाला गरम हवा मिळत नाही. मग बसतो तो खाली." ते हसले, आणि हातवारे करत आणखी सांगू लागले.

मागच्या बायकांनी हळदीचं गाणं धरलं. सुंदराबाईंनी वळून हात वर केला.

"थांबा गं जरा. त्यांचं होऊ द्या."