आईला तळं दाखवायला नेलं तो दिवस

डोंगरातलं तळं एकदा बघायचंय, असं आई वर्षानुवर्षं म्हणत आली होती, पण शिवणकामातून उसंत मिळेल तेव्हा ना. म्हणून हिवाळ्यातल्या त्या रविवारी सकाळी मुलाने गाडी दारात आणून उभी केली, तेव्हा तिला अगदी भरून आलं. अडुसष्ट वर्षांची बाई, पण हट्टाने खिडकीशी बसली. शहर मागे पडलं, चढण लागली, झाडांवर बर्फ दिसायला लागला. "अगं, हे बघ, ते बघ," करत ती सुनेला सारखी कोपराने ढोसत होती. सून हसून मान हलवायची आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घालायची.

तळं होतंच तसं. कडेकडेने गोठलेलं, मध्ये काळंशार पाणी, पाण्यात उलटे डोंगर. आई काठावरच्या बाकावर बसली. मुलाने तिच्या खांद्यांवर शाल टाकली, गरम चहा आणून दिला.

"आवडलं ना?"

"एवढं कशाला केलंस रे," असं ती म्हणतेय तोच तिचा फोन वाजला. तिच्या खोलीच्या खाली ज्याचं दुकान होतं, तो न्हावी बोलत होता.

"मावशी, घर सोडताय आणि मला बोललासुद्धा नाहीत?"

"कोण घर सोडतंय?"

"मग हे काय चाललंय? तीन माणसं आलीयेत. तुमचं शिलाई मशीन फुटपाथवर आणून ठेवलंय. कापडाचे गठ्ठे, कपाट, सगळं खाली. आता वर करवत चालू आहे."

आईने चहा बाकावर ठेवला. करवत लागेल अशी त्या खोलीत एकच वस्तू होती, तिचं कापणीचं टेबल. तिच्या सुतार नवऱ्याने ते खोलीतच बनवलं होतं, आणि पूर्ण झाल्यावर दोघांच्या ध्यानात आलं होतं की हे आता दारातून बाहेर निघायचं नाही. पोट धरून हसले होते दोघं. नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि ती रोज त्याच टेबलावर कापड बेतत होती.

तिने मुलाकडे पाहिलं. त्याचा चेहराच सगळं सांगत होता.

"आई, आधी ऐकून घे. तुला सरप्राइज द्यायचं होतं. छान पलंग येतोय, नवे पडदे येतायत. परवा सुई बोटातून आरपार गेली तुझ्या. डोळे काम देत नाहीत. आता आराम कर ना."

"त्यांना थांबायला सांग."

"आता अर्ध्यावर कसं थांबवू..."

"सांग म्हणते ना!"

आजूबाजूच्या बाकांवरच्या लोकांनी वळून पाहिलं. मुलाने फोन लावला. तिकडे कुणी उचलेना; करवतीच्या आवाजात ऐकू तरी काय येणार?

"गाडी काढ," आई म्हणाली.

"अगं, जेवण सांगितलंय. तासाभराने निघू. आता जाऊन तरी काय होणार आहे?"

हे ऐकलं आणि आईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. शाल काढून तिने बाकावर ठेवली, पर्स उचलली आणि बर्फातून तरातरा बसथांब्याकडे निघाली. सून मागे धावली. "आई, पडाल हो!"

"पडले तर माझी मी उठेन. तू तुझा फोन बघ."

शहराची बस निघायच्या बेतात होती. आई चढली, बसली आणि तिने न्हाव्याला फोन लावला. "मशीन तुमच्या दुकानात घ्या. निळ्या गाठोड्यात चार कोट आहेत, उद्या द्यायचेत. त्याला कुणी हात लावता कामा नये."

"मशीन केव्हाच आत घेतलंय, मावशी. अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला उठवलं आणि दोघांनी उचललं."

"आणि टेबल?"

"करवत थांबलीये, मावशी."

परतीचे अडीच तास ती धुमसत होती. टेबल गेलं, ते तर होतंच. पण सकाळी आपण वेड्यासारख्या खूश झालो, ती शाल, तो चहा, "आवडलं ना", हे आठवलं की तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटत होती. भांडून टेबल नेलं असतं तर तिने भांडण तरी केलं असतं. यांनी तिला लाडाने बाहेर काढलं होतं.

ती घरी पोचली तेव्हा टेबलाचे दोन तुकडे जिन्यात उभे होते. खोलीत पलंग लागला होता. पडद्यांची खालची शिवण वाकडी होती. "पलंग खाली न्या," ती कामगारांना म्हणाली. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने पलंग उचलला. न्हाव्याने मशीन वर आणून दिलं.

थोड्या वेळाने मुलगा धापा टाकत आला.

"आई, मला भीती वाटते गं. तू इथे एकटी, हाताला लागलेलं..."

"मग मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस!"

"हो, म्हणाले असते! आणि तुला ते ऐकून घ्यावं लागलं असतं. मी काय सामान आहे, इथून उचललं, तिथे ठेवलं? टेबल तुझ्या बापाने केलं होतं रे. निदान हात लावताना तुझा हात अडखळायला हवा होता."

आईने हात पुढे केला. "किल्ली."

त्याने तिच्या खोलीची किल्ली काढून दिली आणि गेला.

ते चार कोट तिने जमिनीवर बसून पुरे केले. गुडघे बोंबलत होते. एक दिवस उशीर झाला, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. मुलाचा फोन रोज येई. "काम आहे," एवढंच बोलून ती ठेवून देई.

तिसऱ्या रविवारी दारावर टकटक झाली. मुलगा बाहेर उभा होता, हातात मोजपट्टी. "टेबलाचं माप घ्यायला आलोय. घेऊ का?"

तिचा राग गेला नव्हता. तिने त्याला बराच वेळ उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं. मग म्हणाली, "चपला बाहेर काढ. आणि उंची माझ्या कमरेने घ्यायची, तुझ्या नाही."